चाळीला फेरी

लासलगावपासून सहा-सात किलोमीटरवर आमचं शेत. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघायचा. पात कापून, सावलीत सुकवून तो चाळीत भरायचा. चाळ म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची लांबट खोली, खालूनही हवा खेळावी म्हणून जमिनीपासून दीड फूट उचललेली. आतल्या खांबांवर आईने तांबड्या रंगाची रेघ ओढली होती. ढीग त्या रेघेच्या वर गेला की खालचे कांदे दबतात, गरम होतात आणि सडतात.

दिवाळीपर्यंत माल टिकवायचा तर रोज सकाळी चाळीला फेरी हवी. ती आई मारायची. मध्येच थांबून पट्टीला नाक लावायची.

"हितं एक सडून बसलाय. काढा."

वडील हात घालून, चाचपडत तो काढायचे. "तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं," म्हणायचे.

"मग तुमचा चहा कोणी केला असता?"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका हिवाळ्यात आई गेली. मी नाशिकला वर्तमानपत्रात होतो, द्वारका चौकाजवळ एका खोलीत एकटा राहत होतो. त्या वर्षीही वडिलांनी चाळ भरली. जूनपासून दर शनिवारी गावातल्या किराणा दुकानातून त्यांचा फोन यायचा. "उद्या ये. चाळीला एक फेरी मार." मी जायचो, फेरी मारायचो, जेवून संध्याकाळच्या एसटीने परतायचो. जेवताना आम्ही फारसं बोलत नसू. त्यांना सोबत हवी आहे, असं मी धरून चाललो होतो.

ऑगस्टमध्ये लागोपाठ तीन रविवार कामावर होतो. चौथ्या रविवारी गेलो, तर वास बांधावरच आला. चाळीखाली काळं पाणी ठिबकत होतं. वडील तिथेच, चार हातांवर, खाटेवर बसून भाकरी खात होते.

"दादा, वास येत नाही?" मी त्यांना विचारलं.

"कसला?"

मी चाळीकडे बोट केलं. ते उठले, वाकले, ओल्या मातीला बोट लावून पाहिलं.

"मागं मोठा ताप आला होता, तवापासून वास नाय येत," ते म्हणाले. "लय वर्षं झाली. तुझ्या आईला ठावं होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"दर शनिवारी ये म्हणत होतोच की."

मी दोन दिवस रजा काढली आणि आम्ही चाळ उपसली. मधल्या खणात ढीग रेघेच्या वीतभर वर गेला होता. भरताना टोकणारं कोणी नव्हतं. वडील एकेक कांदा दाबून बघत, शंका आली की माझ्या नाकापुढे धरत. मी मान हलवायचो. निम्मा माल उकिरड्यावर गेला.

पुढच्या वर्षी त्यांनी कांदा निघाल्या निघाल्या लिलावात नेला. चाळ रिकामी राहिली. जून आला, शनिवारचा फोन आला नाही. मीच दुकानात फोन करून त्यांना बोलावून घेतलं.

"उद्या येऊ का?"

"काय काम हाय? चाळ तर मोकळी हाय."

त्या रविवारी मी खोलीवरच राहिलो.