कपाटातली इंग्रज लेखिका

राजाजीनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई मराठीत कादंबरी लिहितायत. जुन्या काळच्या एका इंग्रज लेखिकेच्या सगळ्या कादंबऱ्या आणि तिच्यावरची समीक्षेची पुस्तकं त्यांनी माझ्या कपाटात आणून ठेवलीत. ती पुस्तकं स्वतःच्या घरात असली की तिची वाक्यं आपल्या लिखाणात शिरतात, असं त्यांना वाटतं.

"कुलूप लावा अण्णा. मी मागितली तरी किल्ली द्यायची नाही."

तरी विरजणाचं निमित्त काढून येतात आणि कपाटाच्या काचेतून पुस्तकांकडे बघत राहतात. वाटी हातातच असते.

"तिनं कुणाकडून काय घेतलं, ते लोक अजून शोधतायत. एवढ्या मोठ्या बाईला सोडत नाहीत, मला सोडतील?"

काल त्यांनी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. मध्येच कागद सोडून माझा चेहरा बघत होत्या. संपल्यावर हळूच, नेहमीच्या कानडी वळणानं म्हणाल्या, "स्वल्प, जरासं सांगा अण्णा, कुणाची आठवण आली?"

"आमच्या थोरल्या अक्काची," मी म्हणालो. "तीही रागावली की घासलेली भांडी परत घासायला बसायची."

बाईंचा चेहरा सैल झाला. तरी जाताना त्यांनी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलंच.