तुपाचं बोट

आमच्या राहीला कोणी विचारलं, काय करतेस, की ती सांगते, "प्लॅस्टिकची मिश्रणं." ऐकणारा गप्प होतो. मी तिची आत्या, मथुरा. मला गप्प बसवणं इतकं सोपं नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं: पंख्यात कपॅसिटर असतो, त्याच्या पोटात प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्याच्या जिवावर वीज साठते. एक प्लॅस्टिक पुष्कळ साठवतं, पण परत देताना बरीच खाऊन टाकतं. दुसरं थोडीच साठवतं, पण इमानाने परत करतं. राही कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही दोन्ही एकत्र विरघळवते, काचेवर पातळ ओतते, वाळवते आणि सोलून काढते.

"म्हणजे आंबापोळीच की गो!" मी म्हटलं. ती खळखळून हसली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

तिची आई, माझी सगुणावहिनी, दर मे महिन्यात अंगणात हापूसच्या पोळ्या घालायची. आधी ताटाला तुपाचं बोट, मग रसाचा पातळ थर, तो वाळला की वर दुसरा. राही तिला चिकटून बसलेली, मी कावळे हाकलत असलेली, आणि वहिनीचं चाललेलं, "ताटाला हात नको लावूस गो!" ते अंगण आठवलं की अजून मला भरून येतं. वहिनी गेली आणि आमच्याकडे पोळी बंदच झाली.

राहीचे पापुद्रे काचेवरून सोलताना फाटायचे. मग अचानक ते अखंड निघू लागले. बाईसाहेब खूश! पण विजेचा दाब वाढवला की प्रत्येकाला भोक पडायचं. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर पीएचडीचा विषय बदला, असं तिच्या सरांनी बजावलं. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार म्हणून पोरीचं जेवण तुटलं.

एका संध्याकाळी ती रडतच घरी आली. फाटू नयेत म्हणून तिने घरच्या तुपाची डबी कॉलेजात नेली होती आणि सरांना न सांगता काचेला तूप लावत होती. ते तूप पापुद्र्याला लागायचं आणि तिथेच भोक पडायचं.

"दुसऱ्या कोणी केलं असतं तर मला लगेच दिसलं असतं, आत्या. पण आईने शिकवलेलं चुकेल असं मनातच आलं नाही."

मला रागही आला आणि रडूही. "तिने आंब्याचं शिकवलं होतं, विजेचं नाही," मी म्हटलं. "तिच्यावर कशाला ढकलतेस?"

तूप बंद झालं. काच पाण्यात ठेवली की पापुद्रा आपसूक सुटतो, हे तिने शोधून काढलं. दिवाळीच्या तोंडावर एका पापुद्र्याने सगळा दाब सोसला. तिने प्रयोगशाळेतूनच मला फोन लावला.

यंदा मे महिन्यात राहीने रस काढला. मी तूप लावायला पुढे झाले, तर तिने माझा हात बाजूला केला. कॉलेजातून परत आणून, घासून ताजं तूप भरलेली ती डबी उघडली आणि ताटभर सावकाश बोट फिरवलं.

"इथे आईचंच बरोबर आहे," ती म्हणाली.