काकांची सही आणि समोरासमोरचे दोन दगड

माझे काका वस्तुसंग्रहालयात शिपाई. एकतीस वर्षं एकच खोली, हातात फडकं आणि समोरासमोर उभे दोन शिलालेख. शेजारशेजारच्या दोन राज्यांचे; राज्यं कधीच मातीला मिळाली, दगड तेवढे राहिले. रोज सकाळी काका दोन्ही पुसायचे आणि दारामागच्या तक्त्यावर खूण करायचे: गळासारखा एक बाक, वर दोन टिंबं. शाळेशी त्यांचं कधी जमलं नाही, त्यामुळे सही म्हणाल तर तीच.

या दगडांच्या जिवावर दोन विद्वान जगत होते. काकांनी त्यांना नावं ठेवली होती, शुद्धोबा आणि अतिशुद्धोबा. दोघांचा दावा एकच: आमच्या दगडानं कुणाचं काही घेतलं नाही, समोरच्यानंच आमचं उचललं. एक दिवस डाव्या दगडाची दोन अक्षरं उजव्यावर सापडली आणि उजव्याचा एक अख्खा शब्द डाव्यावर. झालं! दोघांनी मिळून अर्ज केला आणि खोलीच्या मधोमध भिंत उभी राहिली. आयुष्यात त्यांनी मिळून केलेलं काम एवढंच.

पंधरा दिवसांत दोन्ही दगड पुसट झाले. महिन्याभरात कोरेकरकरीत.

“घासघासून अक्षरं घालवलीत तुम्ही!” साहेब काकांवर खेकसले. “शनिवारपर्यंत परत आली नाहीत, तर बडतर्फ.”

शनिवारीच काका निवृत्त होणार होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. मला तर त्या दोन शुद्धोबांना भिंतीतच चिणावंसं वाटत होतं.

काका जेवेनात. काकूनं दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, “अहो, मी आठ दिवस माहेरी गेले, तर तुम्हाला तरी धड बोलायला सुचतं का?”

काकांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी डब्यासोबत त्यांनी छिन्नी नेली आणि भिंतीच्या दोन विटा काढल्या.

गुरुवारी डाव्यावर चार ओळी उमटल्या, शुक्रवारी उजव्यावर पाच. शनिवारी दोन्ही दगड भरले. फक्त दोघांच्याही तळाशी एक नवीच खूण होती: गळासारखा बाक, वर दोन टिंबं.

“आमचं मूळ अक्षर!” शुद्धोबा ओरडले.

“तुमचं? तुमच्यात टिंबं होती कधी?” अतिशुद्धोबा म्हणाले.

“साहेब,” काका हळूच म्हणाले, “ती माझी सही आहे.”

दोघे पोट धरून हसले. “अहो, हा दगड अडीच हजार वर्षांचा आहे!”

“असेल. पण एकतीस वर्षं रोज माझा हात फिरतोय त्याच्यावर. थोडं लागणारच.”

अक्षरं परत आली, बडतर्फी टळली. साहेबांनी निवृत्तीचा कागद पुढे केला. काकांनी पेन टेकवलं, हात आपोआप वळत गेला आणि कागदावर उमटली डाव्या दगडाची दोन अक्षरं, मग उजव्याचा तो अख्खा शब्द. साहेबांनी नोकरीला लागतानाचा कागद काढून पाहिला. “ही तुमची सही नाही. जुळत नाही. मंजूर करता येणार नाही, सोमवारी कामावर या.”

काका डोळे पुसतच घरी आले. काकूच्या हातातली पळी तशीच राहिली. “घालवलं ना त्यांनी तुम्हाला?”

“नाही गं,” काका म्हणाले, “मला लिहायला आलं.”