उपडा तांब्या

मार्चमधला दुसरा सोमवार. घरात हजर: सकाळी नऊपर्यंत मी. नऊनंतर दाराला कुलूप, म्हणजे कोणीच नाही. भिंतीपलीकडे: शेजारच्या रेहानाबाजी. फोनवर, पुण्याहून: माझी मुलगी शलाका.

हजेरी आधीच लिहून टाकली, कारण पुढे सगळा प्रश्न हाच आहे की घरात कोण होतं.

रिकाम्या घरात कोणी येऊन गेल्याचे अनुभव मी बरेच वाचते, पण आजवर एकावरही विश्वास ठेवलेला नाही. मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये उगवण-चाचणीचं काम करते. ओल्या कागदावर बी मांडायचं, ठरलेल्या दिवशी किती उगवलं ते मोजायचं, जे उगवलं नाही ते का उगवलं नाही ते लिहायचं. ‘आपोआप झालं’ असं आमच्या रिपोर्टमध्ये चालत नाही. घरातही माझा स्वभाव तोच. फ्रिजवर रोजच्या कामांची यादी असते, झालेल्या कामावर काट मारल्याशिवाय मी झोपत नाही. तेव्हा पुढचं वाचताना बाई भोळी आहे असं समजू नका.

आमचं घर अंबड रोडच्या मागे जुन्या कॉलनीत. तीन खोल्या आणि मागे अंगणाला लागून एक चौथी. तिला आम्ही नुसतंच ‘मागची’ म्हणायचो. तिच्यात माझ्या मिस्टरांचं सामान होतं. विलास. इथे नावाने लिहिते, सोयीचं पडतं; समोर कधी नावाने हाक मारली नाही. ते एस.टी.त कंडक्टर होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. दोन खाकी ड्रेस, तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी, आणि कुठल्याशा प्रवाशाने गाडीत विसरलेली छत्री – मालक सापडेल म्हणून ठेवलेली. या खोलीत मी फक्त झाडायला जायची.

गेल्या दिवाळीत शलाका म्हणाली, “आई, चार खोल्यांत तू एकटी करतेस तरी काय? जूनमध्ये घर भाड्याने देऊ. तू पुण्याला ये.”

तिचं चुकलं नव्हतं. कारण खरंच, मी करत काय होते? सकाळी कुलूप लावायचं, संध्याकाळी काढायचं. मी म्हटलं, जूनपर्यंत वेळ दे. घर ठेवायचं असेल तर घरात काहीतरी चालू असायला पाहिजे, एवढं मला कळत होतं. ‘आठवणी आहेत’ हे कारण शलाकापुढे टिकलं नसतं. खरं सांगायचं तर माझ्यापुढेही टिकलं नसतं.

मला येतं काय? धान्याला मोड आणणं. माझ्या भाचीचं संभाजीनगरला छोटं कॅफे आहे. तिनेच सुचवलं – मोड आलेला गहू वाळवून, भाजून, त्याच्या काढ्यात आलं-गूळ घालून आंबवलेलं फेसाळ पेय. दारू नाही. दारूला परवाना लागतो आणि मला ती करायचीही नव्हती. हे दोन दिवसांत बाटलीत भरून फ्रिजमध्ये टाकायचं, म्हणजे नुसता फेस आणि आंबटगोड चव. जमलं तर ती दर आठवड्याला घेणार होती.

जानेवारीत मागची खोली रिकामी केली. विलासचं सामान कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेलं, छत्रीसुद्धा. हसनाबादचा संतोष प्लंबर आला. सिंक, पाइप, भिंतीला फरशी.

“ताई, हे कायचं करून राह्यल्या म्हणायच्या?”

मी पेयाचं सांगितलं.

“म्हंजे बिअर.”

“बिअर नाही रे.”

“नसंल तर नसंल. म्या कुणाला सांगत न्हाई.” आणि त्याने सगळ्या गल्लीला सांगितलं. तेव्हापासून त्या खोलीचं नाव बिअरखोली पडलं.

दुसऱ्याच दिवशी रेहानाबाजी भिंतीवरून डोकावल्या. वीस वर्षांचा शेजार आहे. “वहिनी, पूरी गली में चर्चा है. कंडक्टरसाहेबांच्या खोलीत भट्टी लागली म्हणे.”

“भट्टी नाही बाजी, भांडी लागलीत.”

“नशा?”

“बिलकुल नाही.”

“मंग लोक पिएंगे क्यूं?”

या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दर उन्हाळ्यात मी कुरडयांसाठी गहू भिजवायची. तो तीन दिवस भिजतो आणि त्याचं पाणी रोज बदलावं लागतं, नाहीतर आमच्याकडच्या उन्हात वास मारतो. पण मी सकाळी लॅबला. विलासची ड्युटी जाफराबादकडच्या मुक्कामी गाडीवर. म्हणजे संध्याकाळी गाडी घेऊन जायचं, रात्री तिकडेच झोपायचं, सकाळी परत. ते घरी पोचायचे तेव्हा मी निघून गेलेली असायची. आणि मी घरी यायची तेव्हा ते डेपोला निघालेले. सुट्टीचे दिवस सोडले तर आमचा संसार असा एकमेकांच्या मागे-पुढे चालला. तेव्हा गव्हाचं पाणी बदलायचं काम त्यांच्याकडे. जुनं पाणी मोरीत नाही ओतायचं, कढीपत्त्याला घालायचं. मग ताजं पाणी, झाकण, आणि झाकणावर तांब्या उपडा. तांब्या उपडा दिसला की मी समजायचं, पाणी बदललं.

“चिठ्ठी लिहून ठेवत जा की,” मी एकदा म्हटलं होतं.

“चिठ्ठी कशाला? उपडा तांब्या म्हणजे डबल बेल. चला, पुढे जाऊ द्या.”

गाडीत एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. घरातही त्यांचं तेच चालायचं. संध्याकाळी कुलूप काढलं, तांब्या उपडा दिसला, की मला घरात कोणीतरी येऊन गेल्यासारखं वाटायचं. कोणीतरी म्हणजे नवराच; पण कळलं असेल तुम्हाला.

आता तो सोमवार. रविवारी संध्याकाळी मी बिअरखोलीत पहिला गहू भिजवला, स्टीलच्या मोठ्या पातेल्यात. मोड काढण्यासाठीही सकाळी पाणी बदलायचं असतं, मग संध्याकाळी निथळून ओल्या कापडावर पसरायचं. सोमवारी सकाळी लॅबमधून फोन आला की सॅम्पल लवकर आलेत. मी तशीच निघाले. अर्ध्या रस्त्यात आठवलं, पाणी बदललं नाही. परत फिरायला वेळ नव्हता. दिवसभर डोक्यात तेच. पहिलाच गहू, आणि गेला.

संध्याकाळी कुलूप काढून सरळ मागे गेले. झाकणावर तांब्या उपडा होता.

झाकण काढलं. पाणी स्वच्छ, तळाचा गव्हाचा दाणा न् दाणा दिसत होता. वास नाही. मागच्या दाराची आतली कडी काढून अंगणात गेले, तर कढीपत्त्याखालची माती ओली.

घाबरले नाही. पहिलं मनात आलं ते हे की मीच सकाळी घाईत बदललं आणि विसरले. वय झालं. दुसरं, रेहानाबाजी. आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असते.

“मैं? नहीं गं. मला काय माहीत तुमच्या बिअरचं?” मग म्हणाल्या, “दुपारी बादलीचा आवाज आल्ता. मी समजले, वहिनी आज सुट्टीवर.”

शलाकाला फोन केला. ती म्हणाली, “आई, तू विसरायला लागलीस. म्हणूनच म्हणते ये.” तिचंही बरोबर होतं. त्या रात्री मला वाटलं, जूनची गरजच नाही, आत्ताच हो म्हणून टाकावं.

पण आधी तपासावं.

पुढच्या रविवारी पुन्हा गहू भिजवला. सोमवारी मुद्दाम पाणी बदललं नाही. बाजींकडची किल्ली मागून घेतली. त्यांनी ती आणून दिली, पण चेहरा पडला. नळ आमच्याकडे कधीतरी येतो, म्हणून पाणी निळ्या ड्रममध्ये भरलेलं असतं. ड्रमवर पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारली. तांब्या झाकणावर सरळ ठेवला. मागच्या दाराला आतून कडी, पुढच्या दाराला कुलूप. फ्रिजवरच्या यादीत लिहिलं, ‘पाणी बदलणे’, आणि काट मारली नाही, म्हणजे नंतर मला शंका नको.

संध्याकाळी तांब्या उपडा. माती ओली. ड्रममधलं पाणी खडूच्या रेघेच्या बरंच खाली. कडी आतून तशीच.

पातेल्याशेजारी स्टूलवर बसून राहिले. भीती वाटायला हवी होती ना? मला काय वाटलं ते सांगते – तुम्ही हसा हवं तर. मला वाटलं, चहा टाकावा. दोन वर्षांनी पहिल्यांदा घरात पाऊल टाकताना मी रिकाम्या घरात आले नव्हते. मी चहा केला आणि तिथेच बसून प्यायले. शलाकाचा फोन आला तर तिला म्हटलं, जूनचं बघू, घाई करू नको.

इथे थांबायला हवं होतं. पण सवय जात नाही. दोन नोंदींवर रिपोर्ट होत नसतो, कोणीतरी डोळ्यांनी बघावं लागतं.

तिसऱ्या सोमवारी मी रजा टाकली. गहू भिजलेला, तांब्या सरळ, कड्या लावलेल्या. मी स्टूल घेऊन सकाळपासून बिअरखोलीत. बाजींच्या घरचा कुकर ऐकू आला, भंगारवाला ओरडत गेला, उन्हं सिंकवरून फरशीवर आली. काही झालं नाही. दुपार उलटली तसा पाण्यावर फेस धरला. वास यायला लागला. हात पुढे करून पाणी बदलणं एवढंच काम होतं, पण मी केलं नाही. वाट बघत राहिले. संध्याकाळपर्यंत गहू मोडाच्या कामाचा राहिला नव्हता.

तेव्हा लक्षात आलं. इतक्या वर्षांत विलासला पाणी बदलताना मी एकदाही बघितलेलं नव्हतं. मी घरात असले की ते काम माझंच असायचं. मी नसले की त्यांचं.

तो गहू फेकवला नाही. आंबलेला गहू कुरडईला चालतो. आणखी दोन दिवस भिजवला, पाणी मीच बदललं, वाटून चीक काढला. पण कुरडया एकटीच्या हाताने होत नाहीत. कोणीतरी घोटायला लागतं, कोणीतरी सोऱ्या दाबायला. म्हणून नुसताच चीक शिजवला. विलासला तो गरम गरम, वर तेल-तिखट घालून लागायचा. मला दूध-साखर. त्या दिवशी तेल-तिखट घालून खाल्ला. एक वाटी बाजींना नेऊन दिली आणि किल्लीही परत दिली.

“अब भरोसा हुआ?” त्या म्हणाल्या.

“भरोसा होताच बाजी. मला फक्त बघायचं होतं.”

“क्या?”

सांगितलं सगळं. त्या हसल्या नाहीत. वाटी हातात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, आलेल्या माणसाची झडती घेतात का?”

त्यानंतर मी तीन-चारदा गहू भिजवला. दर वेळी कामावर जाण्याआधी पाणी स्वतः बदललं. हिंमत होत नव्हती. बाकी सगळं रांगेला लागलं: मोड एकसारखे आले, पेय जमलं, भाचीने पहिल्या बाटल्या नेल्या आणि आणखी मागितल्या. शलाका येऊन चव घेऊन गेली. “आई, हे भारी आहे. पण हे पुण्यातही करता येईल ना?” म्हणाली. करता येईल. गहू तिकडेही भिजतो. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल उंदीर, कोणी म्हणेल विसराळूपणा, कोणी किल्लीचं काढेल. सगळं मी मांडून बघितलं आहे. उंदीर तांब्या पाडेल, उपडा ठेवणार नाही. विसरले म्हणावं तर खडूची रेघ कोणी ओलांडली? किल्ली माझ्या पर्समध्ये होती. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

हे मी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. आज सोमवार. काल संध्याकाळी गहू भिजवला. सकाळी घरातून निघताना ड्रम भरलेला होता, त्याच्यावर रेघ मारली नाही. मागच्या दाराला कडी आहे की नाही, तेही बघितलं नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यातला त्यांचा एक खाकी शर्ट काढून खोलीतल्या खुंटीला लावला आहे. तांब्या झाकणावर सरळ ठेवला आहे.

यादीतली बाकी सगळी कामं झाली. पाणी बदलायचं राहिलं आहे.