नाल्याची सुबक रेघ

आमच्या घरामागच्या नाल्याला उगम आहे, यावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही. पण आहे. युनिव्हर्सिटीकडच्या खडकाळ चढावावर पडलेलं पाणी तीन गल्ल्यांतून गोळा होत विद्यानगरात आमच्या परसामागे येतं, पुढे एका छोट्या पुलाखालून मोठ्या नाल्याला मिळतं आणि तिथून मुसी नदीत जातं. कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात पहिल्या गल्लीत त्याला साबणाचा फेस मिळतो, दुसरीत कोंबडीवाल्याची पिसं नि आतडी, तिसरीत डायपर, आणि आमच्या गल्लीत निर्माल्य. आमची गल्ली वकिलांची, मास्तरांची, सरकारी पेन्शनरांची. आम्ही घाण टाकत नाही, विसर्जन करतो.

मीही करायची. तेव्हा मी सव्वीस वर्षांची, नारायणगुड्याच्या शाळेत भूगोलाची बाई, कडक इस्त्रीची साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. शिळी फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून मागे जायची, एका हाताने नाकाला पदर लावायची, दुसऱ्याने पुडी भिरकवायची आणि त्याच हाताने नमस्कार करायची. नाक मात्र सोडायची नाही. असा नमस्कार देवापर्यंत पोचला असेलच, तर त्यानेही नाक धरूनच घेतला असणार. मग शाळेत जाऊन मुलींकडून पाणलोट क्षेत्राची व्याख्या घोकून घ्यायची. मुली ॲमेझॉनचं खोरं डोळे मिटून काढत. आपल्या मागच्या दारातल्या पाण्यालाही खोरं असतं, हे त्यांना कधी सांगितलं नाही. बाईंनाच सुचलं नव्हतं.

पण माझ्या अकलेचा कळस म्हणजे तो नकाशा. तेव्हा नाला आमच्या परसातून वाहायचा. गल्लीने बैलबंड्या भरभरून मुरूम आणि पडक्या भिंतींचा राडारोडा ओतला नि त्याला पलीकडे ढकललं. पलीकडे एकच खोली होती, ब्लाउज शिवणाऱ्या एका तरुण तेलुगू बाईची. वाढवलेल्या परसात बांधकामाची परवानगी हवी, तर नकाशा हवा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी फुगले. ट्रेसिंग पेपर आणला, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला, अगदी शेपटीच्या पिसांसकट. नाल्याची रेघ आधी पेन्सिलीने जिथली तिथे काढली. सासरे खोकले. मी ती खोडली आणि शिवणवालीच्या दाराशी नेली, जसा काही नाला पहिल्यापासून तिथूनच जात होता. वर निळी शाई फिरवली. वळण इतकं सुबक आलं की मी चार शेजारणींना बोलावून दाखवलं. खोटेपणाची लाज कुठली, मला रेघेचं कौतुक.

तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी तिच्या खोलीत शिरतं. दर पावसाळ्यात मी हळहळते आणि कापड शिवायलाही तिच्याकडेच टाकते.

यंदा गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आभाळ फाटलं आणि पुलाखाली सगळं तुंबलं. पाणी उतरल्यावर मी पाहायला गेले. केळीचे खुंट, कुजलेली पत्री, नारळाच्या शेंड्या, कोणाचे तरी देवाचे फोटो, आणि त्यांच्या मधोमध फुगलेली घूस, गळ्यात झेंडूची माळ. माळ आपोआप अडकली होती, पण दिसत होतं असं की आमच्या गल्लीने मनोभावे पूजा मांडली आहे. शिवणवालीने मशीन पलंगावर चढवलं होतं. ती सुपलीने चिखल काढत होती, आणि चिखल कसला, काळा, तेलकट, बुडबुडे येणारा.

दोन दिवसांनी सर्व्हेवाला आला. त्याच्या फायलीत माझा नकाशा. त्याप्रमाणे शिवणवालीची खोली नाल्याच्या पात्रात आहे, म्हणून पाडायची. गल्लीला बरं वाटलं. आजार कळला एकदाचा, असे चेहरे झाले सगळ्यांचे.

शिवणवाली आमच्या दारात आली. चपला चिखलाच्या, म्हणून पायरी चढली नाही.

"टीचरम्मा, मैं आयी तब नाला किधर था, आपकू मालूम है. उनकू बोल देओ."

नकाशा कोणी काढला ते तिला ठाऊक नव्हतं. मुलगा मला आत ओढून कुजबुजला की खरं बोललीस तर आपली मागची खोली जाईल, बाथरूम जाईल, तू झोप, तुला ताप आहे असं सांगतो. मी ठणठणीत होते. पण कबूल करते, क्षणभर मला ताप हवासा वाटला. मग त्या घुशीची आठवण झाली आणि स्वतःचीच शिसारी आली.

बाहेर येऊन सर्व्हेवाल्याला सांगितलं की नकाशा खोटा आहे. तो हसला.

"अम्मा, इसमें तो नॉर्थ तक डाले हैं."

"मैंच डाली," मी म्हटलं.

त्याला बाथरूममध्ये नेलं. फरशी दरवर्षी का खचते ते मला विचार म्हटलं, खाली नाला आहे, आमच्या पायांखाली. त्याने एक फरशी उचकटली. खालून ओल्या वाळूबरोबर असा वास आला की तो बिचारा बाहेर पळाला. येऊन त्याने फायलीत बरंच काही खोडलं आणि आमच्या मागच्या भिंतीवर लाल फुली मारली. खोली राहील, बाई, असं शिवणवालीला सांगितलं.

ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"नक्शा आपईच निकाले थे? इत्ते साल?"

मी होय म्हटलं. ती तिच्या खोलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी माझी ब्लाउजची तीन कापडं घरी आली, न कापलेली, नीट घडी घातलेली. तिन्हींना नाल्याचा वास. सुनेने विचारलं, दुसरीकडे शिवायला टाकू का. मी नको म्हटलं.