शकूनं माइकवर काय मागितलं

शकू गेल्याचं मला मैदानावर कळलं. संध्याकाळच्या सरावासाठी मी फक्कीनं रेघा मारून राह्यले होते, पोरी खो-खोचे खांब हलवून बघत होत्या, आणि आमच्या शाळेचे शिपाई मामा ऑफिसातून सावकाश चालत आले. "बाई, राजूरहून फोन आल्ता. शकूताई गेल्या. सकाळी छातीत दुखलं म्हने, दवाखान्यात आणेपर्यंत..." मी त्यांच्यावरच खेकसले, काहीतरी बोलू नका म्हणाले. चाळिशीही नीट ओलांडली नव्हती हो तिनं. महिना होत आला, अजून मला तिचा रागच येतो. आमचं भांडण अर्धवट ठेवून गेली.

ज्यांनी शकूला पळताना पाहिलं नाही त्यांची मला कीव येते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघी भोकरदनला अकरावी-बारावीत. मी गावातली, ती केदारखेड्याहून एसटीनं यायची. जिल्ह्याच्या फायनलला समोर जालन्याच्या बूट घातलेल्या पोरी, आम्ही अनवाणी. आमच्या शेवटच्या तुकडीतल्या दोघी बाद झाल्या, एकटी शकू उरली, आणि ती बाद झाली की सामना गेला. "खो, खो" असा नुसता गलका! त्यांच्यातल्या सगळ्यात उंच पोरीनं सूर मारला, तिची बोटं शकूच्या शर्टाला लागली असं मला वाटलं, मी डोळेच मिटले. उघडून बघते तर ती पोरगी पालथी मातीत आणि आमची बाई खांबाच्या पलीकडे उभी राहून हसतेय. वेळ संपल्याची शिट्टी झाली. बाजाराला आलेले लोक माल तसाच टाकून आल्ते, बैलगाड्यांवर उभे होते. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कोनाची हो ही पोरगी?" मी म्हणाले, "आमची." त्या दिवशी तालुक्यातला कुणीही हेच म्हणाला असता.

आता जरा न बोलायचं बोलते. सामन्याच्या दिवशी आम्ही पोरी पाणी पीत नव्हतो. सकाळी निघताना घोटभर, मग एकदम घरी परतल्यावर. शाळेत काय आणि स्पर्धेच्या मैदानावर काय, पोरींना जायला जागाच नसायची. पोरं भिंतीमागं जायची, आम्ही कुठं जाणार? नुसती चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, मोठ्या पोरींचं बघून आम्ही करत गेलो, आणि खेळाच्या सरांना सांगायची तर कुणाची छातीच नव्हती. त्या वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात रुक्मिण, आमच्या संघातली सगळ्यात लहान, खेळता खेळता कोसळली. सर म्हणाले, "ऊन लागलं. पोरींना दमच न्हाई." शकू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सरांकडे एकदा पाहिलं आणि रुक्मिणच्या तोंडाला पाणी लावलं.

पुढं शकूची राज्याच्या संघात निवड झाली, संघ जिंकून आला, आणि शाळेच्या मैदानावर तिचा सत्कार ठरला. मंडप, बँड, मोठे पाहुणे, सगळा थाट. पाहुणे "काय पाहिजे" असं विचारणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. सरांना मैदानाला कुंपण हवं होतं, त्यांनी तिच्याकडून दोन वाक्यं पाठ करून घेतली होती. त्यातून पुढच्याच रांगेत तिला पसंत केलेली सोयऱ्यांची मंडळी बसलेली. तिचा चेहरा बघूनच मला भीती वाटली, ही दुसरंच काहीतरी बोलणार. मी तिला मंडपामागं गाठलं.

"शकू, आभार मान आन् खाली बस. आपलं काम खेळायचं."

"मंग बोलायचं काम कोनाचं?"

"हायेत ना मोठे लोक."

"त्यांना बिलकुल म्हाईत न्हाई, सुमे. आन् मी पळते म्हनून हे लोक जमलेत. पळनं थांबलं की माझं कोन ऐकनार?"

शाल झाली, नारळ झाला, पाहुण्यांनी विचारलं. शकूनं माइक हातात घेतला. "आमच्या शाळेत पोरींना संडास न्हाई, मुतारी न्हाई. म्हनून आम्ही दिवसभर पानी पीत न्हाई. रुक्मिण उन्हानं पडली न्हाई, तहानेनं पडली. आधी संडास बांधून द्या. कुंपन नंतर." मागची पोरं फिदीफिदी हसली. सरांनी कपाळाला हात लावला. पाहुणे गळ्यातला हार चाचपत राहिले, आणि सोयऱ्यांकडची मंडळी चहा न घेताच उठली. सोयरीक मोडली. तिचे वडील कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पुढच्या निवडीत तिचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही.

संडास मात्र झाला. दोन खोल्या, पत्र्याचं दार, आणि दाराला कुलूप! पाहुणे आले की उघडायचं म्हणे. शकू रोज मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात किल्ली मागायची. शेवटी कुलूपच निघालं. लग्न झालं ते राजूरला, गणपतीच्या देवळाजवळ नारळ-फुलांचं दुकान असलेल्या दत्ताभाऊजींशी. बोलणी चालू असताना कुणीतरी त्यांना सांगायला गेलं की पोरगी लई बोलते. भाऊजी म्हणाले, "म्हाईत हाये. मी व्हतो त्या मंडपात."

आणि आमचं भांडण? ते हेच. मी दरवर्षी तिला ऐकवायची, "गप बसली असतीस तर देशाकडून खेळली असतीस." ती म्हणायची, "खेळले असते ना. पानी न पिता." तरी मी हार मानली नाही. आजही मानत नाही. तसं पळणारं माणूस पुन्हा होत नाही, आणि तिला नुसतं पळू द्यायला पाहिजे होतं, असं मला वाटतं. ती बोलली त्याची किंमत तिच्या एकटीच्या पायांनी भरली.

परवा शाळेनं, आम्ही शिकलो आणि आता मी खेळ शिकवते त्याच शाळेनं, शोकसभा घेतली. स्टेजवर फोटो, पुढं भाऊजी, मागं माझ्या खो-खोच्या पोरी. एक पुढारी बोलायला उठले. सगळी पदकं सांगितली, आणि मग म्हणाले, "शकुंतलाताई शांत स्वभावाच्या. खेळ सोडून दुसरा विषय त्यांनी कधी काढला नाही." भाऊजींनी मान खाली घातली. मी आजवर सभेत उभी राहिलेली बाई नाही, शिट्टीशिवाय माझा आवाज निघत नाही. पण डोकंच सटकलं. मी चालत गेले आणि माइक घेतला. "शकूनं विषय काढल्ता," मी म्हणाले. "याच मैदानावर. संडास मागितला तिनं. तुम्ही पोरी रोज जाता ना, तो." आणि मग मंडप, सोयरीक, कुलूप, सगळं सांगून टाकलं.

शोकसभेत टाळ्या वाजवत नसतात. मागच्या पोरींनी वाजवल्या. मुख्याध्यापक त्यांना गप करायला उठले, तेव्हा माइक अजून माझ्याच हातात होता. मी म्हणाले, "सर, वाजवू द्या."