नांगर टाक आदी!

आमच्या तारोडी गावात बोंबील वाळत घातले की त्या वासाबरोबर मला तो पडदा दिसतो. आमचे गोरे फादर चर्चच्या मैदानात, बोंबलांच्याच बांबूंवर चादर बांधून, त्यांच्या इटलीचे जुने हसवायचे पिक्चर दाखवायचे. भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती. एकदा पडद्यावरचा जाड्या होडीत उभा राहून किनाऱ्यावरच्या बायकोला टोपी काढून सलाम करत होता, आणि होडी ओहोटीबरोबर लांब चाललेली. माझी रोझी तेव्हा नवी नवरी. सासरी महिनाभर तोंड उघडलं नव्हतं. पण कोळ्याची पोर, तिला राहवलं नाही. उभी राहून ओरडली, "आरं मेल्या, नांगर टाक आदी! बायको काय पलून जाते?"

अख्खं मैदान हसलं, माझी आईसुद्धा. रोझी लाजून माझ्या खांद्याआड लपली आणि तिथंच हसत राहिली. तिचा श्वास मानेला लागत होता, तो अजून लागतो. जाड्याला आम्ही हसलो, पण तो बुडावा असं कुणाला वाटलं नाही.

रोझीला जाऊन अजून वर्ष झालं नाही. परवा मुलगी म्हणाली, "पपा, चला, मस्त कॉमेडी आहे." मीरा रोडच्या थेटरात नेलं. पडद्यावर एका म्हाताऱ्याची बायको मेली आणि तो तिच्या तिरडीपुढे खुशीत नाचायला लागला. लोक खदखदून हसले. माझी मुलगीपण.

मी उठून बाहेर आलो. ती मागून धावत आली. "पपा, जोक होता तो! पिक्चरवाले असंच दाखवतात."

"पिक्चरवाल्यांचं सोड," मी म्हणालो. "तू हसलीस."